सवलतीपुरता गुरुजी

सिंगापूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

नमस्कार. व्हॉट्सॲपवर टाकलेलं तू काही वाचत नाहीस. भैरवीवहिनी म्हणाली, "प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, पण घरी येताना बसमध्ये ते ईमेल वाचतात." म्हणून हे सविस्तर पत्र.

शौनकची परीक्षा या महिन्यात संपते. मार्चमध्ये त्याला इथल्या सैन्यात भरती व्हायचंय. इथे सगळ्या मुलांना अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं सक्तीची आहेत, आणि आम्ही इथे कायमच्या वास्तव्याचा परवाना घेतला म्हणून शौनकलाही. तो घेतला तेव्हा शौनक सहा वर्षांचा होता. त्या अर्जावर सही करताना मी घराचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत या विचारात होते. बारा वर्षांनी हे अंगावर येईल असं कुणाला वाटलं होतं?

दादा, तू शौनकला ओळखतोस. त्याला उठवायला मला तीनदा जावं लागतं, तिथे हवालदार काय डोक्यावरून हात फिरवून उठवणार आहे? त्याला दूध कोमट लागतं. गार झालं तर तसाच पेला सिंकमध्ये. असा मुलगा खांद्यावर बंदूक घेऊन जंगलात झोपणार? अभिजित म्हणतो, "जाऊ दे, माणूस होईल." आत्ता कोण आहे मग तो?

आमच्या सोसायटीतली नयना सांगत होती की जगात बऱ्याच ठिकाणी धर्माचं शिक्षण घेणाऱ्यांना, पुरोहितांना, शस्त्र न धरण्याचं व्रत असलेल्यांना सैन्यातून सूट मिळते. ते वाक्य ऐकलं आणि मला तूच आठवलास. दोह्यातल्या प्रत्येक मराठी घरात पूजा सांगायला तुलाच बोलावतात. तू फक्त एवढंच लिहून दे की शौनक पाच वर्षं तुझ्याकडे ऑनलाइन पौरोहित्य शिकतोय आणि त्याला अहिंसेचं व्रत आहे. तुझी एक सही, बस. बाकी अर्ज वगैरे मी बघते.

अभिजितला यातलं काही माहीत नाही.

तुझी,
मालविका

---

रास लफान ते मुऐदर, कंपनीच्या बसमधून
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मालविका,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. वाचता वाचता माझा स्टॉप गेला आणि ड्रायव्हरने पुढच्या सिग्नलला उतरवलं. बाकी सगळं क्षेम.

आधी एक गोष्ट साफ करू. मी गुरुजी नाही. मी रोटेटिंग इक्विपमेंट इंजिनिअर आहे. पंप, कॉम्प्रेसर, टर्बाइन, म्हणजे जे जे फिरतं ते बघतो. अकरा वर्षांपूर्वी एका घरी गणपती बसवायचा होता, मंत्र येणारं कुणी मिळेना, आणि माझ्याकडे बाबांचं सोवळं आणि पाठ असलेलं अथर्वशीर्ष होतं. तेव्हापासून मी अडकलोय. इथे सगळं घरातल्या घरात, दार लावून, आवाज बेताचा. दक्षिणा मी घेत नाही. फार तर डब्यात शिरा. उद्या सिंगापूरच्या लष्कराने चौकशी केली तर माझ्या कतारच्या आयडीवर पुरोहित असं कुठेही नाही.

दुसरं. मी थोडं वाचलं. दक्षिण कोरियात धर्मामुळे शस्त्र नको म्हणणाऱ्यांना बदली काम देतात, पण ते तुरुंगात, तिथेच राहून, आणि तीन वर्षं. तुझ्याकडे तर माझ्या माहितीप्रमाणे धर्माचं कारण चालतच नाही. नकार देणाऱ्यांना कोठडीत ठेवतात. नयनाबाईंना विचार, त्यांनी कुणाची सूट प्रत्यक्ष बघितली आहे का.

तिसरं आणि महत्त्वाचं. पाच वर्षं शिकतोय असं मी लिहिणार नाही. मालू, मी पंप चालू झालेला बघितल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करत नाही. साहेब मागे उभा राहून घड्याळ दाखवतो, तरी करत नाही. तेवीस वर्षांत केली नाही, म्हणून अजून दोन्ही हातांची बोटं जागेवर आहेत.

पण भाचा आहे. नुसतं नाही म्हणून मोकळा होणार नाही. परीक्षा संपली की त्याला इकडे पाठव. सहा-सात आठवडे राहू दे. मी मनापासून शिकवतो. जेवढं तो खरोखर शिकेल तेवढं खरोखर लिहून देतो. त्यात व्रत आढळलं तर व्रतही लिहीन.

तुझा,
दादा

---

सिंगापूर
१५ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

तिकीट काढलं! तीन डिसेंबरला पोचतो. "मामाकडे धर्म शिकायला जायचंय, म्हणजे कदाचित सैन्यात जावं लागणार नाही," असं मी त्याला सरळ सांगितलं. तो कानातले इअरफोन न काढता "ओके" म्हणाला. त्याचा ओके म्हणजे काय हे मला अठरा वर्षांत कळलेलं नाही. अभिजितला सांगितलंय की मामाकडे सुट्टीला.

त्याचं मराठी समजण्यापुरतं आहे, बोलताना इंग्रजी सुरू करतो. त्याच्याकडून पत्रं लिहून घे, म्हणजे सुधारेल.

वहिनीला सांग: दूध कोमट. उकळतं नाही, गार नाही.

मालविका

---

बसमधून
१९ डिसेंबर २०२४

चि. मालविका,

पंधरवड्याचा अहवाल.

आचमन, प्राणायाम, संकल्प, कलशपूजा: समाधानकारक. पुरुषसूक्त: अर्ध्यापर्यंत, उच्चार चक्क चांगले. प्लांटमध्ये शिकवतो तसंच इथेही शिकवतो, म्हणजे आधी चेकलिस्ट. समई लावण्याआधी तो आता आपणहून बघतो, पडदा किती लांब आहे, वर धुराचा डिटेक्टर आहे का, पाण्याची बादली भरली आहे का. काल भैरवी म्हणाली, "देवाची पूजा आहे का बॉयलर पेटवताय?" दोन्हींत आगच असते, एवढंच मी म्हणालो.

पण खरी बातमी वेगळी आहे. तू म्हणत होतीस ना, तीनदा उठवावं लागतं? अगं, तो पहाटे आपणहून उठतो! मी चहा टाकतो तेव्हा हा अंघोळ करून येत असतो, चेहरा लाल, अंगातून वाफा. "कुठे होतास?" म्हटलं तर म्हणाला, "ऑन द ग्राउंड, मामा. सन." म्हणजे आमच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात सूर्याकडे तोंड करून संध्या करतो. बूट घालून जातो हे मला जरा खटकलं. विचारलं, तर म्हणाला, तिथे खडे आहेत. तेही खरंच आहे.

माझं हे वय असताना बाबा पाणी मारून उठवायचे. मी थक्क झालोय.

आम्ही ज्या व्हिलाच्या मागच्या भागात राहतो तिचे मालक अबू राशिद यांच्या थोरल्या मुलाशी, राशिदशी, त्याची गट्टी जमलीय. मुलगा चांगला आहे. नुकताच इथली सक्तीची लष्करी सेवा करून आलाय. काल इथला राष्ट्रीय दिन होता, दोघं झेंडे लावलेल्या गाडीतून फिरून आले. मी शौनकला म्हटलं, बघ, त्याने केली, तुला करायची नाही. तर हसला.

दूध कोमटच देतोय.

दादा

---

सिंगापूर
२१ डिसेंबर २०२४

ती. दादा,

तुझं पत्र वाचून मी दोनदा रडले. एकदा आनंदाने, आणि एकदा या मुलाने माझ्याकडे असताना पहाट कधी बघितली नाही म्हणून.

व्हिडिओ कॉलवर मात्र वाळलेला वाटला. गालफडं दिसतात. उपास वगैरे करायला लावू नकोस. सवलतीपुरतंच शिकव. खोल शिरायला नको.

मालविका

---

मुऐदर, दोहा
४ जानेवारी २०२५

प्रिय आई,

मामाने सांगितलं की पत्र मराठीत लिहिणं हा अभ्यास आहे. स्पेलिंग मामीने बघितलं आहे. वाक्यं माझी आहेत.

मी छान आहे. पुरुषसूक्त पूर्ण येतं. आता सत्यनारायण शिकतो. कथेत लोक प्रसाद सोडून जातात आणि मग त्यांची बोट बुडते. मामा म्हणाला, यातून शिक की काम अर्धं सोडू नये.

मामी रोज भाकरी करते. मी पाच खातो. राशिदच्या घरून मच्छबूस येतो, तो भात आणि मटण असतो. पण मी आता गुरुवारी आणि सोमवारी खात नाही, कारण मामा खात नाही आणि त्याच्यासमोर खाताना वाईट वाटतं.

मी राशिदला विचारलं, तुमच्याकडे धर्मासाठी सैन्यातून सुट्टी मिळते का? तो खूप हसला. त्याच्या तुकडीत एक मुलगा होता, तो मशिदीत लहान मुलांना कुराण शिकवतो. राशिद म्हणाला, तोच सगळ्यांच्या पुढे धावायचा, आणि धावून सगळे दमून पडले की नमाजला त्यांना तोच उठवायचा, म्हणून सगळे त्याच्यावर डबल चिडायचे. आता तो राशिदचा बेस्ट फ्रेंड आहे.

फोटो पाठवतो. धोतर मी स्वतः नेसलो. सोडायला मामा लागला.

बाबांना सांग, जेवताना टीव्ही बघू नका. अन्नाकडे बघा.

शौनक

---

सिंगापूर
५ जानेवारी २०२५, रात्रभर फोटो बघून

दादा!!

त्याचे केस कुठे गेले?

मी फोटो मोठा करून बघितला. गुळगुळीत! धोतर, उपरणं, कपाळाला गंध, आणि वर टक्कल. त्याच्या केसांचं जेल माझ्या बाथरूममध्ये अजून तीन डबे पडलंय. शेंडी ठेवली आहे का, तेवढं फोटोत दिसत नाही. असेल तर मला आत्ताच सांग, मी बसून घेते.

सोमवार-गुरुवार मटण सोडलं. बापाला पत्रातून जेवायचं कसं ते शिकवतोय. काल अभिजितने खरंच टीव्ही बंद केला, आणि मग आम्हाला बोलायला काही सुचेना.

मी तुला सवलतीपुरता गुरुजी मागितला होता. तू त्याला कुठे घेऊन चालला आहेस? उद्या म्हणाला, मला हृषीकेशला कुठल्या मठात जायचंय, तर? दादा, मी रात्रभर विचार केला. लष्करवाले निदान दोन वर्षांनी परत तरी देतात. दर शनिवार-रविवार घरी सोडतात. मठातून कुणी वीकएंडला घरी येतं का?

त्याला परत पाठव. दाखला नको मला.

मालविका

---

मुऐदर
११ जानेवारी २०२५

चि. मालविका,

हे पत्र बसमधून लिहीत नाहीये. आज सुट्टी घेऊन टेबलाशी बसलोय, यावरून ओळख.

शेंडी नाही. आधी पाणी पी.

आता क्रमाने सांगतो. काल शुक्रवारी जालिंदरकडे सत्यनारायण होता. जालिंदर म्हणजे आमच्याकडचा स्ट्रक्चरल इंजिनिअर, मूळचा तासगावचा. नवीन फ्लॅट घेतलाय भाड्याने. मी ठरवलं, हीच परीक्षा. शौनकने पूजा सांगायची, मी मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही.

हॉलमध्ये तीसेक माणसं. तुला इथली पूजा माहीत नाही. बायका स्वयंपाकघरात, पुरुष ओव्हरटाइमवर बोलतायत, पोरं सोफ्यावर मोबाइलमध्ये. मी अकरा वर्षं त्यांच्या डोक्यावरून मंत्र म्हणत आलोय. शौनक उभा राहिला. पाय जुळवले. आणि छातीतून असा आवाज काढला की जालिंदरच्या हातातली सुपारी पडली: "सर्वांनी! बसून घ्या! मोबाइल! खाली!"

मालू, मोबाइल खाली गेले. पोरांचेसुद्धा.

मग म्हणाला, "पळी उजव्या हातात! पाणी! एक! प्या! दोन! प्या! तीन! प्या! हात धुवा!" तीस माणसांनी एका दमात आचमन केलं. मंत्र स्वच्छ, कुठे अडखळला नाही. कथा मराठीत सांगितली, "साधुवाण्याने प्रॉमिस केलं आणि पाळलं नाही" अशी, पण पोरांना कळली, कारण एका पोराने पुढे काय झालं ते विचारलं. आरतीला टाळ्या अशा पडत होत्या की खालचा फिलिपिनो शेजारी वर आला आणि बघत उभा राहिला. निघताना चार घरांनी विचारलं, पुढच्या शुक्रवारी मोकळा आहे का. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. जालिंदर म्हणाला, "सर, तुम्ही आता रिटायर व्हायला हरकत नाही."

मला अभिमान वाटला. थोडं लागलंही.

पण मला हा आवाज ओळखू येईना. हा मी शिकवलेला नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी अबू राशिदकडे प्रसाद द्यायला गेलो. त्यांनी मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीत, बसवलं, गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजली, आणि म्हणाले, "माशाल्ला, तुमचा भाचा! आधी दोन फेऱ्यांत बसायचा. आता माझ्या राशिदला मागे टाकतो."

कसल्या फेऱ्या, म्हटलं.

तर मालू, ती संध्या नव्हती. तो रोज पहाटे राशिदबरोबर त्या मैदानात धावत होता. धावणं, जोर, कवायत, हुकूम द्यायचा आवाज, सगळं. म्हणून बूट. मी तेवीस वर्षं यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, आणि माझ्याच घरात पोरगं घामाघूम होऊन येतंय तर मला ते सूर्याचं तेज वाटलं.

घरी येऊन त्याला समोर बसवलं. केस? "तिथे पहिल्याच दिवशी कापतात, मामा. मला आधीच सवय करायची होती." म्हणजे तू जे मुंडण समजलीस ते भरतीची तयारी होती.

मग मी विचारलं, जायचंच होतं तर इथे कशाला आलास? तो मराठीत बोलला, शब्द शोधत शोधत. म्हणाला, "आई घाबरली होती. मी नाही म्हटलं असतं तर ती अजून घाबरली असती. मला वाटलं, मी इथे नापास होईन, तू दाखला देणार नाहीस, खलास, कुणाचाच दोष नाही. पण मामा, तू इतकं नीट शिकवलंस. मग नापास होणं चीटिंग वाटायला लागलं." आणि मग, "तिकडे माझा मित्र फारिस जाणार आहे, वेई जिए जाणार आहे. फारिस पाच वेळा नमाज पढतो, तो जाणार. मी वर्षातून एकदा गणपतीला हात जोडतो आणि मीच धर्माच्या नावाने घरी बसायचं? परत भेटल्यावर मी त्यांच्याशी काय बोलू?"

तुझ्याकडे याचं उत्तर असेल तर कळव.

आता दाखल्याचं. तू नको म्हणालीस, पण मी शब्द दिला होता, आणि पंप माझ्या डोळ्यांसमोर चालला. सोबत जोडलाय. त्यात लिहिलंय की शौनक माझ्याकडे साडेपाच आठवडे शिकला, षोडशोपचार पूजा स्वतंत्रपणे सांगू शकतो, आणि मला माहीत असलेल्या इतर कुठल्याही सवलतीपुरत्या गुरुजीपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षा, बरी सांगतो. प्रत्येक शब्द खरा आहे. व्रत मात्र आढळलं नाही.

याचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. तो म्हणाला, आई अर्ज कर म्हणाली तर करीन. मनापासून म्हणाला. म्हणून तर सांभाळून ठरव.

दादा

---

सिंगापूर
१६ मार्च २०२५

ती. दादा,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू वहिनीकडून चौकशी केलीस ते कळलं. मी रुसले होते. तुझ्यावर, शौनकवर, नयनावर. नयनाला विचारलं, कुणाची सूट प्रत्यक्ष बघितली आहे का. म्हणाली, "नाही गं, मी असंच कुठेतरी वाचलं होतं."

एक संध्याकाळ दाखला आणि कोरा अर्ज समोर घेऊन बसले. शौनक समोर बसला होता. म्हणाला, "आई, तू सांग." मी पेन उचललं आणि तेवढ्यात मला तुझी ती बोटं आठवली. नाही केली सही. अभिजितला सगळं सांगून टाकलं. तो रागावेल वाटलं होतं. तो म्हणाला, "मला का नाही विचारलंस? मीही घाबरलोय." घ्या! इतके महिने माणूस होईल, माणूस होईल म्हणत होता.

भरतीच्या आदल्या रविवारी शौनकने घरी सत्यनारायण सांगितला. फारिस आणि वेई जिए सोफ्यावर होते. मोबाइल खाली गेले.

परवा त्याला पोचवायला गेलो. फेरीबोटीने एका बेटावर नेतात. मुलं शपथ घेतात ती पालकांना बघू देतात, मग त्यांच्या मेसमध्ये पालकांनाही जेवायला घालतात. मी डाळ चाखली. मीठ बरोबर होतं. वरण म्हणणार नाही त्याला, पण मीठ बरोबर होतं. शपथ घेताना सगळ्या ओळीत आपल्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. अभिजित म्हणाला, तुझे कान. पण त्यालाही आला होता, कारण तो चष्मा पुसत होता.

तिथे एका मोठ्या भांड्यात दूध ठेवलं होतं. मी भांड्याला बाहेरून हात लावून बघितला.

काही विचारू नकोस.

दाखला देव्हाऱ्यामागे ठेवलाय.

मालविका

---

सिंगापूर, घरी, सुट्टीवर
५ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

हे पत्र मामीने तपासलेलं नाही. चुका माझ्या आहेत.

मी ठीक आहे. इथे उठायला त्रास होत नाही, कारण मुऐदरमध्ये राशिद जास्त लवकर उठवायचा. राशिदला सांग, त्याच्या फेऱ्या कामाला आल्या. त्याला सांग शुक्रन.

माझ्या सेक्शनमध्ये सगळ्यांना कळलं की मी पुजारी आहे. मी सांगितलं नाही, फारिसने सांगितलं. तो दुसऱ्या प्लाटूनमध्ये आहे तरी त्याने सगळीकडे सांगितलं. आता रायफल उघडून साफ करायच्या वेळी मुलं मला म्हणतात, चेकलिस्ट बोल. कारण मी तू शिकवलंस तसं म्हणतो: आधी बघ, मग हात लाव, मग परत बघ. सार्जंट म्हणाला, हे कुठे शिकलास? मी म्हणालो, समई लावताना. त्याला समजलं नाही.

पहिल्या दिवशी सार्जंटने विचारलं होतं, धर्मामुळे कुणाला काही चालत नसेल तर आत्ता हात वर करा. मग परत विचारणार नाही. एकाने बीफ सांगितलं, फारिससारख्यांनी हलाल सांगितलं, मी सोमवार-गुरुवार सांगितलं, ते त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, अजून काही?

दुधाचं सांगायला मी हात थोडा वर केला होता. मग खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दूध होतं. गार. मी पूर्ण प्यायलो. एक, दोन, तीन, आचमनासारखं.

आईला सांगू नको. तिने आत्ता कोमट करून समोर ठेवलंय, आणि पेल्याला बाहेरून हात लावून बघतेय.

तुझा,
शौनक